शब्दांची साक्ष : युरोपीय मानव्यविदांची इतिहासचिकित्सा आणि राजवाडेसंपादित ‘महिकावतीची बखर’

सारांश

प्रबोधनकालीन युरोपातील मानव्यविदांनी जुन्या लेखांची भाषा तपासून त्यांचा काळ आणि खरेखोटेपणा ठरविण्याची पद्धती घडविली. मराठीत या पद्धतीच्या सर्वांत जवळचे काम इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे मर्म स्पष्ट करून राजवाड्यांनी संपादिलेल्या ‘महिकावतीची बखर’ या उत्तर कोकणच्या ग्रंथाचे परीक्षण केले आहे. राजवाड्यांनी बखरीचे थर वेगळे केले. परंतु स्वतःच घडविलेली कसोटी त्यांनी शेवटपर्यंत लावली नाही आणि ते काम ठाणे-कल्याण परिसरातील अभ्यासकांकडे आले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मानव्यविद्या, लोरेन्झो वल्ला, राजवाडे, महिकावतीची बखर, शिलाहार, महाराष्ट्र धर्म

१. प्रस्तावना

ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यातील महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकास एक प्रश्न दरवर्षी नव्याने भेटतो. वर्गातील एखादा विद्यार्थी घरातील ज्ञातीची स्मरणिका घेऊन येतो. आपले पूर्वज शके १०६० मध्ये प्रतापबिंब राजाबरोबर चांपानेरहून कोकणात आले, असे तीत छापलेले असते. आधार म्हणून ‘महिकावतीची बखर’ दाखविलेली असते. पाठ्यपुस्तकात मात्र त्या काळात उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते, असे असते. यांतील खरे कोणते, असे विद्यार्थी विचारतो. प्रश्न साधा आहे. पण उत्तर देणाऱ्यास इतिहासशास्त्राच्या मुळाशी जावे लागते. शिवाय उत्तरात विद्यार्थ्याच्या घरातील वडीलधाऱ्यांचा मान गुंतलेला असल्याने ते जबाबदारीनेच द्यावे लागते.

या प्रश्नाच्या उत्तराची पद्धती पंधराव्या-सोळाव्या शतकांतील युरोपीय विद्वानांच्या कामात सापडते. आपल्या अभ्यासक्रमात हे विद्वान ‘प्रबोधनयुग’ या प्रकरणात येतात. परंतु त्यांनी इतिहासाचा अभ्यास नेमका कसा केला, हे त्या प्रकरणात क्वचितच सांगितले जाते. दुसरीकडे राजवाडे शिकविले जातात ते राष्ट्रवादी इतिहासकार म्हणून. दोघांनाही जोडणारा धागा, म्हणजे लेखाची भाषिक चिकित्सा, दोन्ही ठिकाणी सुटतो. तो पकडण्याचा हा प्रयत्न आहे.

२. ‘मानवतावादी’ या संज्ञेची अडचण

युरोपातील या विद्वानांना मराठीत ‘मानवतावादी’ म्हणण्याची प्रथा आहे. ही संज्ञा दिशाभूल करते. मराठी वाचकाच्या मनात मानवतावाद म्हणजे मनुष्यमात्राविषयी कळवळा, किंवा मानवेंद्रनाथ रॉय यांचा नवमानवतावाद. पंधराव्या शतकातील इटलीत मात्र या लोकांची ओळख त्यांच्या अभ्यासविषयांवरून होत असे. व्याकरण, वक्तृत्वशास्त्र, काव्य, इतिहास आणि नीतिशास्त्र हे ते विषय. त्यांतील बरेच जण धर्मश्रद्ध होते आणि कित्येक जण राजांच्या वा पोपच्या पदरी चाकरीस होते. त्यांना ‘मानव्यविद’ म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

हा केवळ शब्दच्छल नाही. ‘मानवतावादी’ म्हटले की आपण त्यांच्या लेखनात माणसाचा गौरव शोधतो आणि त्यांची खरी करामत नजरेआड होते. भाषा काळानुसार बदलते आणि म्हणून शब्द हा काळाचा साक्षीदार असतो, हा शोध त्यांनी इतिहासाच्या कामी लावला.

३. पेत्रार्कपासून स्कॅलिजरपर्यंत

या पद्धतीचा एक आरंभीचा नमुना इ. स. १३६१ मधील आहे. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याने आपल्या विशेषाधिकारांच्या समर्थनार्थ ज्युलियस सीझर व नीरो यांच्या नावे असलेली पत्रे पुढे केली. सम्राट चौथ्या चार्ल्सने ती पेत्रार्ककडे मतासाठी पाठविली. सीझर स्वतःचा उल्लेख एकवचनात करीत असे आणि या पत्रात मात्र तो आदरार्थी बहुवचनात बोलतो, असे दाखवून पेत्रार्कने पत्र बनावट ठरविले. एका सर्वनामाने दावा कोसळला.

लोरेन्झो वल्ला याने इ. स. १४४० मध्ये याच मार्गाने मोठे काम केले. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडील साम्राज्य पोपला दान दिल्याचे एक दानपत्र मध्ययुगात प्रमाण मानले जाई. क्यूसाच्या निकोलसने त्यावर आधीच शंका घेतली होती. वल्लाने त्यातील एकेक शब्द तपासला. रोमन अधिकाऱ्यांच्या यादीत ‘सॅट्रप’ हा इराणी सुभेदारवाचक शब्द कसा आला? जे कॉन्स्टँटिनोपल नगर त्या नावाने अद्याप वसलेले नव्हते, त्याचा उल्लेख दानपत्रात कसा? चौथ्या शतकातील राजदरबाराची लॅटिन इतकी ओबडधोबड कशी? हे पत्र आठव्या शतकाच्या सुमारास रचले गेले असावे, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते.

वल्ला त्या वेळी नेपल्सचा राजा अल्फोन्सो याच्या आश्रयास होता आणि या राजाचे पोपशी वैर होते. म्हणजे वल्लाचे लेखन निःस्वार्थ नव्हते. तरीही त्याचा निष्कर्ष टिकला, कारण त्याने दिलेला पुरावा कोणालाही पडताळून पाहता येण्याजोगा होता. लिहिणाऱ्याचा हेतू आणि पुराव्याचे बळ या दोन गोष्टी वेगळ्या तोलाव्या लागतात. राजवाड्यांकडे वळताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पुढील पिढ्यांनी ही पद्धती काटेकोर केली. पोलित्सियानोने इ. स. १४८९ मधील आपल्या ग्रंथात एक नियम पाळला : एका पोथीवरून उतरलेल्या नकला कितीही असल्या तरी त्या स्वतंत्र साक्षी नव्हेत. आपण कोणती पोथी पाहिली, ती कोणाकडे आहे, हेही तो नोंदवी. झां बोदँ याने इ. स. १५६६ मध्ये इतिहास कसा वाचावा यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जोसेफ स्कॅलिजरने इ. स. १५८३ मध्ये निरनिराळ्या लोकांच्या कालगणना एकमेकींशी जुळवून पाहण्याचे शास्त्र उभे केले.

याच परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इ. स. १४९८ मध्ये व्हितेर्बोच्या अन्नियसने प्राचीन ग्रंथकारांच्या नावे स्वतः रचलेले मजकूर प्रसिद्ध केले. त्यांत अनेक घराण्यांना व नगरांना अतिप्राचीन पूर्वज मिळाले, म्हणून ते आवडीने वाचले गेले. प्राचीन कुळाची हौस आणि बनावट इतिहास यांचे नाते युरोपातही असे जवळचे होते.

४. राजवाड्यांची कसोटी

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३-१९२६) यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी पानिपतकालीन अस्सल पत्रे आणि त्याच घटनांवरील बखरी समोरासमोर ठेवल्या व बखरींतील चुका उघड केल्या. समकालीन अस्सल कागद हा पहिला साक्षीदार आणि मागाहून लिहिलेली बखर दुय्यम, ही शिस्त मराठी इतिहाससंशोधनात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांचे आहे. इ. स. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने ती पुढे चालविली.

मानव्यविदांशी त्यांचे खरे साधर्म्य दिसते ते भाषेच्या बाबतीत. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, शिवकाळातील आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी पत्रे घेऊन त्यांतील फारसी शब्द त्यांनी मोजले. पहिल्या पत्रात फारसी शब्दांचे प्राबल्य, मधल्यात घट आणि शेवटच्यात अगदी थोडे फारसी शब्द, असा क्रम त्यांनी दाखविला. तीनच पत्रांवरून संपूर्ण भाषेचा इतिहास सांगणे धाडसाचे आहे, हा आक्षेप रास्त आहे. एखाद्या पत्राचा विषय दिवाणी असेल तर त्यात फारसी शब्द जास्त येणारच. परंतु शब्दसंग्रहावरून लेखाचा काळ ओळखता येतो, ही मूळ दृष्टी वल्लाचीच होय. राजवाडे ती वल्लाकडून शिकले, असे येथे सुचवायचे नाही. संस्कृत व्याकरणाची परंपरा आणि जुन्या मराठीचा व्यासंग या मार्गाने ते तेथे पोहोचले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

त्यांच्या कामातील उणीवही याच ठिकाणी दिसते. इ. स. १९०९ मध्ये त्यांनी पाटांगण येथील पोथीवरून ज्ञानेश्वरीची प्रत प्रसिद्ध केली व तिच्या भाषेवरून ती अतिप्राचीन असल्याचे मानले. पुढील अभ्यासकांनी हे प्राचीनत्व निर्विवाद मानले नाही आणि मूळ पोथी आज परीक्षणास उपलब्ध नाही. पोथी कोठे आहे हे नोंदवून ठेवण्याचा पोलित्सियानोचा आग्रह किती मोलाचा होता, हे अशा वेळी पटते.

५. ‘महिकावतीची बखर’ : रचना आणि थर

राजवाड्यांनी ही बखर इ. स. १९२४ मध्ये विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केली. ग्रंथात सहा प्रकरणे असून गद्य व पद्य असे दोन्ही प्रकारचे लेखन आहे. महिकावती म्हणजे माहीम. परंतु माहीम नावाची ठिकाणे दोन : एक पालघर जिल्ह्यातील केळवे-माहीम आणि दुसरे मुंबईतील. परंपरेत दोहोंचाही बिंब घराण्याशी संबंध जोडला जातो. त्यामुळे स्थलनिश्चितीचा प्रश्न पहिल्या पानापासूनच उभा राहतो.

राजवाड्यांच्या संपादनाचे सर्वांत मोठे गुण त्यांनी केलेल्या थरांच्या विभागणीत आहेत. ही बखर एका हाताची नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. त्यांच्या मते तिचा जुना भाग केशवाचार्याने शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ मध्ये रचला; मालाडच्या नायकोराव या देसल्याच्या प्रेरणेने ते काम झाले. इतर भाग सोळाव्या शतकात, म्हणजे वसई-ठाण्याच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज सत्ता आल्यानंतरच्या काळापर्यंत, जोडले गेले. एकसंध दिसणाऱ्या ग्रंथातील निरनिराळे काळ आणि निरनिराळे हात ओळखणे ही मानव्यविदांच्या पद्धतीची पहिली पायरी होय आणि ती राजवाड्यांनी निश्चितपणे ओलांडली.

वल्लाचा ग्रंथ इ. स. १४४० चा आणि केशवाचार्याचे लेखन इ. स. १४४८ चे. या जवळिकीवरून युरोप पुढे आणि आपण मागे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. वल्ला एका दाव्याचे खंडन करीत होता. केशवाचार्य राज्य गेलेल्या समाजाची कुळे, गोत्रे आणि आचार विस्मृतीत जाऊ नयेत म्हणून त्यांची जुळवाजुळव करीत होता. दोघांचे प्रयोजन वेगळे होते. केशवाचार्याची तुलना करायचीच असेल तर इटालियन नगरांच्या जुन्या बखरकारांशी करावी आणि वल्लाची तुलना राजवाड्यांशी करावी.

६. शके १०६० आणि दगडांची साक्ष

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. बखरीनुसार प्रतापबिंबाने शके १०६०, म्हणजे इ. स. ११३८ च्या सुमारास, उत्तर कोकण जिंकले. केशवाचार्याचा काळ त्याहून तीनशे वर्षांनी अलीकडचा. उलट, त्याच काळात कोरले गेलेले शिलालेख याच प्रदेशात सापडले आहेत. वसई तालुक्यातील आगाशीचा शिलाहार हरिपालदेवाचा लेख शके १०७२ (इ. स. ११५०) चा आहे. मल्लिकार्जुनाचा वसईचा लेख शके १०८२ चा आहे. भिवंडीजवळील लोनाडचा अपरादित्याचा लेख शके ११०६ (इ. स. ११८४) चा आहे. सोमेश्वराचे रानवड व चांजे येथील लेख शके ११८१ व ११८२ चे, म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यानंतरचे आहेत. त्यानंतर ठाण्याच्या ताम्रपटांत देवगिरीच्या रामचंद्र यादवाची सत्ता दिसते. या साखळीत शंभर-सव्वाशे वर्षे टिकलेल्या स्वतंत्र बिंबराज्यास जागा सापडणे कठीण आहे.

शिलालेख म्हणजे अंतिम सत्य, असेही समजू नये. अंबरनाथच्या शिवमंदिरातील लेखाचे उदाहरण बोलके आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला होता, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ (इ. स. १०६०) असा वाचला. एका अंकाच्या वाचनाने दोनशे वर्षांचा फरक पडला. नवे वाचन स्वीकारले गेले, कारण लेखातील मांवाणिराज म्हणजे शिलाहार मुम्मुणी आणि त्याचे ताम्रपट अकराव्या शतकाच्या मध्याचे आहेत. एक साक्ष दुसऱ्या स्वतंत्र साक्षीशी ताडून पाहण्याचे, स्कॅलिजरने कालगणनांसाठी वापरलेले तत्त्व येथे आपल्याच पंडितांनी आपल्याच मंदिरात वापरले.

शके १०६० बाबत तीन शक्यता संभवतात. पहिली, शकाचा अंक नकलाकारांच्या हातून बिघडला. दुसरी, प्रतापबिंब हा मर्यादित मुलखाचा ठाणेदार किंवा मांडलिक होता आणि परंपरेने त्याला सार्वभौम राजा केले. तिसरी, तेराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीकडून आल्याचे सांगितलेल्या बिंबदेवाची कथा आणि गुजरातेकडून आलेल्या आधीच्या बिंबाची कथा, या दोन स्थलांतरांच्या आठवणी नामसादृश्यामुळे एकमेकींत मिसळल्या. प्रस्तुत लेखकाचा कल तिसऱ्या शक्यतेकडे आहे. कारण उत्तर कोकणात गुजरातेतून व देशावरून अशा दोन्ही वाटांनी वस्ती झाली असणे स्वाभाविक आहे. परंतु हा कल आहे, सिद्धान्त नव्हे.

यावरून बखर बनावट ठरत नाही. अन्नियसने मजकूर रचला तो फसविण्यासाठी. केशवाचार्याने ऐकीव परंपरा जपण्यासाठी लिहिले. बाराव्या शतकातील राजकीय घडामोडींची साक्षीदार म्हणून बखर दुबळी आहे. पंधराव्या शतकातील कोकणी समाज स्वतःकडे कसा पाहत होता, याची साक्षीदार म्हणून ती अमोल आहे. विद्यार्थ्यास द्यावयाचे उत्तर हेच : घरातील वडीलधारी खोटे सांगत नव्हती, ती पाचशे वर्षांपूर्वीची आठवण सांगत होती, नऊशे वर्षांपूर्वीचा दाखला नव्हे.

७. ‘महाराष्ट्र धर्म’ : एका शब्दाचा काळ

बखरीतील सर्वाधिक चर्चिलेला शब्दप्रयोग म्हणजे ‘महाराष्ट्र धर्म’. तो रक्षावा अशी देवीची आज्ञा नायकोरावास झाली, अशी कथा आहे. समर्थ रामदासांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी हा शब्द आढळतो, म्हणून त्याचे महत्त्व मोठे. परंतु न्यायमूर्ती रानडे आणि राजवाडे यांच्या पिढीने या शब्दात राष्ट्रोद्धाराचा आशय पाहिला. त्या आशयासह आपण बखर वाचली, तर इ. स. १४४८ मध्ये स्वराज्याचा कार्यक्रम लिहिला गेला होता, असा भास होतो.

बखरीत हा शब्द ज्या संदर्भात येतो तेथे कुळे, गोत्रे, देवक, पंक्तिव्यवहार आणि जातिपरत्वे आचार यांचे तपशील आहेत. ‘महाराष्ट्र धर्म’ म्हणजे येथे या देशीच्या लोकांची रीत. राज्य नाहीसे झाल्यावर समाज कोणत्या सूत्राने बांधून ठेवायचा, हा केशवाचार्यापुढील प्रश्न होता आणि त्याचे उत्तर सामाजिक आहे. ते जातिव्यवस्थेच्या चौकटीतील उत्तर आहे, हेही लपविण्याचे कारण नाही. पूर्वीच्या शब्दावर नंतरचा अर्थ लादणे ही कालविपर्यासाचीच चूक होय. वल्लाने ती जुन्या लेखात पकडली. आपण ती जुन्या लेखाच्या वाचनात करतो.

८. प्रस्तावनेची मर्यादा

राजवाड्यांच्या प्रस्तावनेचा दुसरा भाग स्वतंत्र निबंधासारखा आहे. कोकणातील वसाहतींचे थर, ग्रामनामांच्या व्युत्पत्ती, अन्नाच्या सुबत्तेमुळे येथील सामान्य जन राज्यसंस्थेविषयी उदासीन राहिले हा सिद्धान्त, असे विषय त्यात येतात. या विवेचनातील तेज आजही जाणवते. राजे येतात आणि जातात, गाव मात्र आपल्या गतीने चालतो, हे निरीक्षण समाजेतिहासाची दिशा दाखविणारे आहे. परंतु ज्या राजवाड्यांनी इ. स. १८९८ मध्ये बखरीच्या प्रत्येक विधानाला कागदाचा आधार मागितला, त्यांनीच येथे एका बखरीच्या आधारे हजारो वर्षांच्या समाजस्वभावाविषयी अनुमाने काढली. केवळ ध्वनिसाम्यावर उभी असलेली ग्रामनामाची व्युत्पत्ती हा पुरावा नव्हे. त्या नावाची शिलालेखांतील व पोर्तुगीज दप्तरांतील जुनी रूपे पाहिल्याखेरीज ती मान्य करता येत नाही.

आणखी एक उणीव अशी की, फारसी शब्दांच्या मोजणीची त्यांची स्वतःची कसोटी या बखरीवर प्रकरणवार व पद्धतशीर रीतीने लावून तिचे कोष्टक त्यांनी वाचकापुढे ठेवले नाही. केशवाचार्याच्या नावावरील भागात पंधराव्या शतकातील कोकणी लेखकाच्या तोंडी न शोभणारे शब्द किती, विभक्तिप्रत्यय जुने किती आणि नवे किती, याची तपासणी झाल्यास कोणता मजकूर मूळचा आणि कोणता नकलाकाराचा, हे अधिक खात्रीने सांगता येईल.

९. निष्कर्ष

मानव्यविदांच्या इतिहासाभ्यासाचे सार तीन सूत्रांत सांगता येते : शब्दाला काळ असतो, नकलांची संख्या म्हणजे साक्षींची संख्या नव्हे, आणि एका साक्षीची परीक्षा दुसऱ्या स्वतंत्र साक्षीने करावी. राजवाड्यांनी पहिले सूत्र मराठीत आणले, बखरीचे थर वेगळे करून त्याचा उपयोग दाखविला. परंतु आवडत्या सिद्धान्ताच्या ओढीने तिसरे सूत्र त्यांच्या हातून शिथिल झाले. त्यांच्याविषयीचा आदर कायम ठेवून हे म्हणणे, हाच त्यांनी घालून दिलेला पायंडा आहे.

ठाण्यातील एक शिलाहार ताम्रपट, शके ९३९ चा, रामलोचन पंडितांच्या स्पष्टीकरणावरून इंग्रजीत उतरून इ. स. १७८८ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात छापला गेला. युरोपीय भाषाचिकित्सा आणि देशी पांडित्य यांची गाठ येथील मातीतून निघालेल्या पत्र्यावर इतक्या लवकर पडली होती. आज या परिसरातील महाविद्यालयांत इतिहास, मराठी आणि संस्कृत असे तिन्ही विभाग एका छपराखाली असूनही एकत्र बसत नाहीत. बखरीचे एक प्रकरण, आगाशी व लोनाडच्या लेखांची वाचने आणि विद्यार्थ्यांच्या घरातील स्मरणिका एका टेबलावर ठेवून पदव्युत्तर वर्गाने वर्षभर काम केले, तर बखरीची चिकित्सक आवृत्ती घडविण्याचा आरंभ कल्याण-डोंबिवलीतूनच होऊ शकेल.